रात्रपाळीला किती जणी असतात?

आईला अल्झायमर्स, म्हणजे डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) एक प्रकार, असल्याचं निदान नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं आणि जून २०२४ मध्ये ती पुण्यातल्या एका डिमेन्शिया निवासात राहायला गेली. जागा शोधायला आम्ही २०२४च्या जानेवारीत सुरुवात केली होती. त्या काळात काय केलं, कुठे अडलं, पैसे किती लागले, हे क्रमाने लिहिते आहे. निवासाचं नाव लिहीत नाही. अशी जागा तिथल्या मावश्यांच्या, म्हणजे पेशंटची देखभाल करणाऱ्या बायकांच्या, जिवावर चालते आणि मावश्या बदलल्या की जागाही बदलते. आज चांगली असलेली दोन वर्षांनी तशीच असेल, याची खात्री मला देता येणार नाही.

घरी काय जमत नव्हतं, ते आधी सांगते, कारण ‘बाई ठेवा की’ हा सल्ला प्रत्येकाला मिळतोच. २०२३च्या पावसाळ्यापासून आईची झोप उलटी झाली. दिवसा पेंगायची, रात्री दार उघडून बाहेर पडायची. ब्युरोकडून (अशा बायका पुरवणाऱ्या संस्थेकडून) चोवीस तासांची मावशी घेतली की दिवसाचे हजार रुपये, म्हणजे महिन्याला ३०,०००. त्यावर तिचं जेवणखाण आणि ब्युरोचं कमिशन. पण दिवसभर राबलेली बाई रात्री जागी राहू शकत नाही आणि ती राहील अशी अपेक्षाही चूक आहे. दिवस-रात्र दोन पाळ्या लावल्या तर खर्च निवासाच्याही पुढे जातो. गणपतीला, दिवाळीला मावशी गावी गेली की बदली बाई येते, आणि नवा चेहरा पाहिला की पेशंट बिथरतो. घर की निवास, हा हिशेब करताना ही सगळी बेरीज आधी कागदावर मांडा.

जानेवारीत पहिल्यांदा कागदपत्रं हाती घेतली. जागा बघायला निघण्याआधी हे करावं, असं माझं ठाम मत झालं आहे. पेशंटला सही करता येते आणि आपण कशावर सही करतोय हे कळतं, तोवरच यातल्या बऱ्याच गोष्टी होतात. वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की साध्या मुखत्यारपत्राच्या (पॉवर ऑफ अटर्नीच्या) भरवशावर राहू नका. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते करून ठेवतो, नेमका त्याच दिवशी त्याचा उपयोग उरत नाही. पुढे घर किंवा जमीन विकायची वेळ आली, तर उच्च न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. तो वेळखाऊ मार्ग आहे. आमच्या सुदैवाने आईचं पेन्शनचं खातं आणि ठेवी आधीपासूनच माझ्यासोबत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघींपैकी कोणीही एकटी व्यवहार करू शकेल अशा, होत्या. तुमच्याकडे तसं नसेल तर निदान झाल्याच्या आठवड्यातच बँकेत जा.

दुसरा कागद फारसा कुणी सांगत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो मे २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम १४ प्रमाणे कोणीही प्रौढ व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. साध्या कागदावर लिहून खाली सही किंवा अंगठा, एवढंच लागतं. उपचारांबद्दल निर्णयाची वेळ येते तेव्हा सल्लामसलतीला कोणाला बोलवायचं, यावरून भावंडांत ताणाताण होत नाही. आईने माझं नाव लिहून सही केली. नाशिकच्या भावाला त्याची प्रत पाठवली.

तिसरं म्हणजे न्यूरॉलॉजिस्टकडून दीड पानाचा सारांश. निदान, आजाराचा टप्पा, स्मरणशक्ती आणि आकलन तपासणाऱ्या एमएमएसई चाचणीचा गुणांक (आईचा ३० पैकी १४ होता), चालू औषधं मूळ (जेनेरिक) नावांसह, बीपी-शुगर, पडण्याचा इतिहास, गिळायला त्रास आहे की नाही. हा कागद हातात असला की निवासवाले फोनवरच सांगतात, घेऊ की नाही. नसला की ‘एकदा पेशंटला घेऊन या, बघू’ म्हणतात. त्यात तुमची रजा जाते आणि पेशंटची फरपट होते.

दिव्यांगत्वाच्या युडीआयडी कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज याच सुमारास भरला. डिमेन्शियासाठी वेगळा रकाना नाही, तो मानसिक आजाराच्या गटात धरतात आणि मनोविकारतज्ज्ञ आयडियाज मापनपट्टीवर दिव्यांगत्वाची टक्केवारी काढतात. चाळीस टक्के किंवा जास्त असलं तर प्राप्तिकरात उपयोग होतो. वैद्यकीय बोर्डासमोर पेशंटला प्रत्यक्ष न्यावं लागतं. सकाळी लवकर पोचा, सोबत दोन माणसं असू द्या. एक रांगेत, एक पेशंटजवळ.

फेब्रुवारीत फोन सुरू केले. सगळ्यात आधी वृद्धाश्रम यादीतून गळाले. बहुतेकांच्या अर्जातच ‘स्वतःची कामे स्वतः करू शकणारे’ अशी अट असते. तशी अट नसलेल्यांपैकी काही जण ‘विसरभोळे असतील तर चालेल’ म्हणतात. तिथे फाटकाला रखवालदार असेल, पण आत डिमेन्शियाची माणसं हाताळायला शिकलेलं कोणी नसतं. दुसरा प्रकार शुश्रूषा केंद्रांचा. ऑपरेशननंतरचे, पक्षाघाताचे, कायम झोपून असलेले पेशंट तिथे असतात. नर्सिंग बरं असतं, पण हिंडताफिरता डिमेन्शियाचा पेशंट त्यांना झेपत नाही आणि मग औषधाने किंवा कॉटला बांधून त्याला झोपवण्याकडे कल जातो. तिसरी डे केअर केंद्रं. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्था ती चालवतात. सुरुवातीच्या टप्प्यात, घरात रात्री सांभाळायला माणूस असेल तर हा उत्तम पर्याय आहे. आम्ही त्या टप्प्याच्या पुढे आलो होतो. उरली फक्त डिमेन्शियासाठी चालवलेली निवासं. पुण्यात आणि आसपास ती आहेत. अंतराची अट मात्र आम्ही घालून घेतली होती, घरापासून तासाभराच्या आत. फार्महाउसवजा जागा फोटोत सुंदर दिसतात, पण रात्री दोन वाजता फोन आला तर पोचायला किती वेळ लागेल, तो आकडा खरा.

फोनवर आमचा पहिला प्रश्न दराचा नसे. रात्रपाळीला किती पेशंटमागे किती जणी जाग्या असतात, हा असे. दिवसाचं प्रमाण सगळे चटकन सांगतात, चारला एक, पाचला एक. रात्रीचं विचारलं की ‘सिस्टर असते’, ‘सीसीटीव्ही आहे’, ‘मावश्या तिथेच झोपतात’. तिथेच झोपणं आणि जागं असणं यांत फरक आहे. डिमेन्शियाच्या पेशंटचा खरा दिवस ऊन कलल्यावर सुरू होतो. संध्याकाळी पाचनंतर घालमेल वाढते, घरी जायचं म्हणून हट्ट होतो, आणि ते अनेकदा मध्यरात्रीपर्यंत चालतं. नेमकी तेव्हाच पाळी बदलते आणि माणसं कमी होतात. पडणं, हाड मोडणं, ओल्या डायपरमध्ये रात्रभर राहणं, झोपेच्या औषधाचा डोस वाढणं, हे सगळं याच वेळेतलं. ज्यांनी ‘आठ जणांमागे एक, आणि ती जागी’ असं सरळ उत्तर दिलं, त्यांच्याच जागा पाहायच्या, असं ठरवलं. यादी फार लहान झाली आणि ते बरंच झालं.

जागा पाहायला जाताना ते देतील ती सकाळी अकराची वेळ घ्या. तेव्हा भजनं चाललेली असतात, आज्या पावडर-कुंकू करून बसलेल्या असतात. कार्यालय, दर, नियम तेव्हा समजून घ्या. मग दुसऱ्यांदा संध्याकाळी पाच ते सातच्या मध्ये जा, शक्यतो रविवारी. रविवारी संध्याकाळी येऊ देत नाहीत, तिथे पुढे विचार करायचं कारण नाही.

आत शिरल्यावर नाक आधी वापरा. लघवीचा उग्र वास नको, पण तो झाकायला फिनेलचा घमघमाटही नको. नखं बघा, विशेषतः पायाची. पुरुषांची दाढी बघा. कवळ्या तोंडात आहेत की कपाटात, चष्मे नाकावर आहेत की नाहीत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला किती जण पलंगावर गाढ झोपलेत, ते मोजा.

जेवण मात्र नीट बसून बघा. आम्ही एके ठिकाणी जेवणाच्या वेळी थांबलो. मावशी उभी राहून एका आजोबांना भरवत होती. चमचा वरून खाली येतो, म्हणून आजोबा मान वर करून घास घेत होते. मान वर असताना गिळलं की घास श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. त्यांना ठसका लागला, मावशीने पाणी दिलं, पुन्हा ठसका. दुसऱ्या एका जागी मावशी स्टुलावर, एका आजींच्या डोळ्यांच्या पातळीला बसली होती. मऊभात, वरण, अर्धा चमचा. ‘गिळा’ म्हणायची, गळा हललेला बघायची, मग तोंड उघडायला लावून गालात घास साठलाय का ते पाहायची. एका ताटाला पस्तीस मिनिटं. घास गालात धरून ठेवणं हे या आजारात पुढे अनेकदा होतं. छातीत कफ भरून न्यूमोनिया होण्याची सुरुवात पुष्कळदा इथे असते. ज्या जागेत भरवायला वेळ देतात, तिथे माणसं पुरेशी आहेत, एवढा अंदाज त्या ताटावरून येतो. आईला पुढे त्याच जागेत ठेवलं.

न्हाणीघरात आधाराचे दांडे भिंतीत पक्के आहेत का, हलवून बघा. जमीन दुपारीसुद्धा ओली असेल तर तशीच राहत असणार. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड या पेशंटना पटकन दिसत नाही, गडद रंगाची सीट असली तर ओळखू येते. आतून कडी नको. बाहेरच्या दाराला कुलूप असणार हे गृहीत धरा, पण रात्री किल्ली कोणाकडे असते आणि आग लागली तर किती सेकंदांत दार उघडतं, ते करून दाखवायला सांगा. एका ठिकाणी किल्ली व्यवस्थापकांकडे होती आणि ते रात्री घरी जात.

बांधून ठेवता का, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारावा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे बांधणं हे केवळ तातडीचा धोका टाळण्यासाठी, दुसरा इलाज नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि नोंद करूनच करता येतं. कोंडून ठेवायला तर मनाईच आहे. ‘आमच्याकडे नोंदवही आहे, बघा’ म्हणणारी जागा मला ‘छे, आम्ही कधीच नाही’ म्हणणारीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. तोच प्रश्न झोपेच्या आणि चित्त शांत करणाऱ्या औषधांचा. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन यांसारख्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. कधी कधी ती लागतातही. डोस कोण वाढवतं आणि वाढवण्याआधी घरच्यांना फोन येतो का, हे कळायला हवं. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी आहे का, तेही विचारा आणि प्रमाणपत्रावरची मुदत वाचा.

दर. आम्हाला ३८,००० ते ७५,००० दरमहा असे आकडे मिळाले. फरक मुख्यतः खोलीचा, एकटं, दोघांत की तिघांत. आम्ही तिघींची खोली घेतली, ४५,०००. पैसे वाचवणं हा एक भाग, पण एकटीच्या खोलीत पडलं तर कोणाला कळत नाही, हेही होतं. डिपॉझिट दोन महिन्यांचं, परत मिळणारं. प्रवेश शुल्क १०,०००, परत न मिळणारं. सांगितलेल्या दरात काय नाही, ते वेगळं लिहून घ्या. आमच्या बाबतीत डायपर (दिवसाला चार, ३५ रुपयांचा एक, म्हणजे महिन्याला ४,२००), औषधं साधारण २,८००, फिजिओथेरपी बसेल तशी. म्हणजे ४५ हजारांचे ५२ हजार झाले. जीएसटी धरून दर आहे का, तेही विचारा. २०२४ मध्ये प्राप्तिकराच्या कलम १२एए किंवा १२एबीखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेचा वृद्धाश्रम असेल, तर साठी किंवा पुढच्या माणसासाठी दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटी माफ होता. मेडिक्लेममधून निवासाचा खर्च मिळत नाही, हॉस्पिटलात भरती झाल्यावरचाच मिळतो.

मे महिन्यात आईला दोन आठवडे चाचणी म्हणून ठेवलं. बहुतेक जागा याला तयार असतात, रोजाच्या हिशेबाने थोडे जास्त पैसे घेतात. चाचणीत पेशंट रुळला की नाही, हे बघू नका. दोन आठवड्यांत कोणी रुळत नाही. निवासवाले कसे वागतात ते बघा. फोन आपणहून करतात का, वाईट बातमी सांगतात का. आई चौथ्या दिवशी जेवली नव्हती, ते त्यांनी आम्ही विचारायच्या आत कळवलं. आमचा निर्णय त्यावर झाला.

करारनामा १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर झाला. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात त्या १००चे ५०० झाले आहेत. मसुदा घरी आणून रात्रभर वाचा, कार्यालयात बसून सही करू नका. मसुद्यात ‘पेशंट आक्रमक झाल्यास ४८ तासांत न्यावे’ असं होतं. आम्ही ‘मनोविकारतज्ज्ञांनी तपासल्यानंतर, पंधरा दिवसांत’ असं करून घेतलं. वार्षिक वाढ ‘व्यवस्थापन ठरवेल तशी’ होती, ती दहा टक्क्यांपर्यंत अशी लिहून घेतली. पेशंट अंथरुणाला खिळला तर जादा किती, हॉस्पिटलात असताना खोलीचे पैसे लागतात का, हॉस्पिटलात सोबत कोण थांबणार (जवळपास सगळीकडे घरचेच), डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि मृत्यू झाला तर दाखला देणारा डॉक्टर कोण, हेही लिहायला सांगितलं. हा शेवटचा मुद्दा काढायला तोंड उघडत नाही, पण रात्री-अपरात्री दाखल्यासाठी डॉक्टर शोधत फिरायची वेळ येऊ नये. अर्धे बदल मान्य झाले. अर्धे झाले नाहीत, ते आम्ही सोडून दिले.

सामान नेताना प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूला मार्करने नाव घाला. साड्या थोड्याच न्या. धुवायला टाकलेले कपडे अदलाबदल होतातच, त्यावरून भांडू नका. पुढून बटणं असलेले गाऊन सहा-सात लागतात. सोनं घरी ठेवा. बांगड्या काढल्यावर आईचा हात सारखा मनगटाकडे जात होता, म्हणून प्लॅस्टिकच्या घातल्या. चष्मा दोन करून द्या, एक हरवणारच. कवळीच्या डबीवर नाव. आणि एक पान लिहून द्या. चहा किती गोड, कुठल्या कुशीवर झोपते, अंघोळीला गरम पाणी आधी पायावर लागतं, कुठली आरती म्हटली की शांत होते, कुठलं नाव निघालं की रडते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ‘बाई’ म्हटलं की ती ताठ बसते, हेही त्यात लिहिलं. तिथे सगळ्यांना आजी म्हणतात, तिला मात्र ‘बाई’ म्हणतात.

पहिले काही आठवडे भेटू नका, असा काही जागांचा नियम असतो. मला तो पटत नाही, आमच्या जागेत तो नव्हता. पण संध्याकाळी जाऊ नये, हे खरं. सकाळी साडेदहाच्या सुमाराला जावं, काहीतरी हातात घेऊन, शेंगा किंवा निवडायला मेथी. निघताना निरोपाचा सोहळा करू नये. मावशी तिला जेवायला घेऊन जाते, तेव्हा उठावं. नातेवाईक बोलतात. आमच्याकडे एका चुलत मावशीने मला फोन करून पुष्कळ ऐकवलं. तिला मी रविवारी सोबत घेऊन गेले.

ऑगस्टमध्ये आई एकाएकी खूप गोंधळली, ओळख पटेना, हात मारू लागली. आजार एका दिवसात असा उडी मारत नाही. असं झालं की आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, सोडियम कमी होणं, कुठेतरी दुखणं, हे शोधायचं. सिस्टरनेच लघवीची तपासणी सुचवली. संसर्ग निघाला, अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर ती बरीचशी पहिल्यासारखी झाली. कमी अनुभवी ठिकाणी अशा वेळी झोपेचं औषध वाढवतात आणि संसर्ग आत तसाच राहतो.

नोव्हेंबरमध्ये पेन्शनचा हयातीचा दाखला. आईच्या बोटांचे ठसे पुसट झालेत, मशीन घेत नाही. जीवन प्रमाण ॲपमध्ये चेहऱ्यावरून दाखला देता येतो, त्यासाठी आधारचं फेस आरडी ॲपही फोनमध्ये लागतं. चेहरा चौकटीत धरून पापण्या मिटायला लागतात. सांगून ती मिटत नाही, पण आपण धीर धरला की आपसूक मिटते. खिडकीसमोर उजेडात बसवा, मागे भिंत कोरी असू द्या. ते नाही जमलं तर बँकेला अर्ज करून घरपोच सेवा मागता येते, पत्ता निवासाचा द्यायचा.

२०२४-२५च्या प्राप्तिकराबद्दल थोडं. जुन्या कररचनेत असाल तरच हे लागू होतं. कलम ८०डीडीबीच्या यादीत चाळीस टक्के किंवा त्यापुढचा डिमेन्शिया होता, ज्येष्ठ पेशंटच्या उपचारखर्चावर एक लाखापर्यंत वजावट मिळायची, न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागायचं. दिव्यांगत्वाची वजावट ७५,००० आणि तीव्र असेल तर १,२५,००० होती. ती आईच्या रिटर्नमध्ये ८०यू खाली घेतली, तर मुलांना ८०डीडी (सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठीची वजावट) मिळत नसे. कोणाच्या नावावर घेतलेली फायद्याची, ते सीएला विचारून मार्चआधी ठरवा.

आता महिन्याच्या पाच तारखेला बिल येतं. त्यासोबत वजनाची नोंद मागून घेते. दोन महिन्यांत दोन किलोच्या वर घट दिसली तर डॉक्टरांना विचारायचं, असं त्यांच्याशी ठरलं आहे. आणि मध्येच एखाद्या रात्री साडेअकराला फोन लावते. जी उचलते तिला विचारते, आज कितीजणी आहात.